पावसाळ्यात लेन्सच्या आत धुकं धरतंय? गळती शोधण्याआधी हे तपासा

दर जूनला हीच तक्रार सुरू होते: 'वेदर सील्ड बॉडी, वेदर सील्ड लेन्स, तरी आत वाफ धरली.' लेन्स उघडायला निघण्याआधी नेमकं काय दिसतंय ते ठरवा. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

लक्षणं

- एसी गाडीतून उतरताच पुढची काच पांढरी होते. पुसली की जाते, पुन्हा येते, पंधरा-वीस मिनिटांत आपोआप थांबते.
- पुढची काच कोरडी आहे, तरी फोटो दुधाळ येतात. धुकं आतल्या काचेवर आहे. बहुतेकदा हे संध्याकाळी खोलीत एसी लावल्यावर लक्षात येतं आणि तासा-दोन तासांत विरतं.
- धुकं नाही, मोजता येतील असे थेंब किंवा थेंब सुकल्याचे गोल डाग आहेत. दुसऱ्या दिवशीही जागेवरच.
- व्ह्यूफाइंडरच्या किंवा मागच्या स्क्रीनच्या एका कोपऱ्यात वाफ.
- बटणं कुणी दाबल्यासारखी वागतात, मेनू आपोआप पळतो, फ्लॅश लावलेला नसताना कॅमेऱ्याला तो लावल्यासारखा वाटतो, फोकस मधेच सुटतो, कॅननवर 'एरर ०१' येते.
- टॉर्च तिरकी धरली की काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसतात.

पहिल्या दोन लक्षणांत कॅमेरा बिघडलेला नाही. सर्व्हिस सेंटरला पाठवलात तर 'दोष आढळला नाही' असा शेरा मारून परत येईल आणि पुढच्या ट्रिपला तेच होईल. तिसऱ्यापासून पुढे मात्र गांभीर्यानं घ्या.

सीलिंग थेंब अडवतं, हवा नाही

बॉडीच्या सांध्यांत फोमच्या पट्ट्या, बटणांच्या आणि डायलच्या दांड्यांवर रबरी कड्या, माउंटला (लेन्स बॉडीला जिथे बसते ती जागा) रबराची झालर, पोर्टवर रबरी झाकणं. वेदर सीलिंग म्हणजे एवढंच. कॅमेरा हवाबंद नसतो आणि झूम लेन्स तर हवाबंद असूच शकत नाही. पुढे-मागे सरकणारी १००-४०० सारखी लेन्स पूर्ण लांब केली की साधारण पाव लिटर हवा आत ओढते. २७ अंश सेल्सिअस आणि ९० टक्के आर्द्रतेच्या हवेत या पाव लिटरमध्ये सहा मिलिग्रॅमच्या आसपास पाण्याची वाफ असते. ऐकायला काहीच नाही, पण एक काच पांढरी करायला ती पुरून उरते.

बऱ्याच कंपन्या 'डस्ट अँड मॉइश्चर रेझिस्टंट' असं लिहून मोकळ्या होतात. किती पाणी, किती वेळ, कुठल्या बाजूनं, याचा आकडा देत नाहीत. आकडा देणारे थोडे. ओएम सिस्टिमच्या ओएम-१ ला सील्ड लेन्ससह आयपी ५३ (धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाचा ठरलेला दर्जा) आहे, लायका एसएल२ ला आयपी ५४. यातल्या दुसऱ्या अंकाकडे बघा. ३ म्हणजे उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंत तिरका येणारा फवारा, ४ म्हणजे कुठूनही उडणारं पाणी. घाटमाथ्यावरचा पाऊस आडवा येतो आणि नाणेघाटात उलटा धबधबा असेल तेव्हा पाणी चक्क खालून वर येतं. तिथे डोक्यावर छत्री धरून उपयोग नाही. बॅटरीचं दार, ट्रायपॉडचा स्क्रू, वळणाऱ्या स्क्रीनची बिजागरी या खालच्या बाजू सगळ्यात आधी भिजतात.

आता तपासण्या. फुकटात होणाऱ्या आधी.

१. धुकं कुठे आणि कधी धरलं ते लिहून ठेवा

हवा थंड होत होत ज्या तापमानाला पाणी सोडायला लागते तो दवबिंदू. एखादी वस्तू त्याहून गार असेल तर तिच्यावर पाणी धरतंच, मग सीलिंग कितीही भारी असो. कोकणात पावसाळ्यात २७ अंश आणि ९० टक्के असताना दवबिंदू २५ च्या आसपास असतो. २२ अंशाच्या एसी गाडीतून काढलेली लेन्स त्याच्या खाली आहे, म्हणून बाहेरून धुकं.

उलट दिशेचं गणित लोक चुकतात. दिवसभर मालवणच्या किनाऱ्यावर झूम पुढे-मागे केलीत, लेन्सनं तिथली २५ च्या दवबिंदूची हवा पोटात घेतली. रात्री हॉटेलात एसी २२ वर. आतल्या काचा गार झाल्या, आतलीच हवा त्यांच्यावर पाणी सोडू लागली. बाहेरून एक थेंब न शिरताही आत धुकं!

घाटातही असंच. आंबोलीत २० अंशाला गार पडलेली लेन्स घेऊन तासाभरात सावंतवाडीला उतरलात की तळाच्या दमट हवेत ती धुकट होणार. वर चढताना हा त्रास सहसा होत नाही, उतरताना होतो.

तेव्हा तीन ट्रिपांची नोंद ठेवा: कुठून कुठे नेल्यावर, पावसात की कोरड्यात, किती वेळानं गेलं. पाऊस नसतानाही धुकं धरत असेल आणि दोन तासांत जात असेल, तर ती गळती नाही.

२. झिप पाउच

दहा-वीस रुपयांची कॅमेरा मावेल एवढी झिपची पिशवी घ्या. जागा बदलण्याआधी कॅमेरा तिच्यात ठेवा, हवा दाबून काढा, झिप लावा, मग खोलीत किंवा बाहेर न्या. पाणी धरायचं ते पिशवीच्या बाहेरच्या अंगाला धरू दे. कॅमेरा आजूबाजूच्या तापमानाला आला की उघडा. छोट्या बॉडीला अर्धा तास, ७०-२०० सारख्या जड धातूच्या लेन्सला तासभर. हात लावून गार लागत असेल तर अजून थांबा.

पिशवीत ठेवण्याआधी बॉडी पुसायची. ओला कॅमेरा पिशवीत बंद केलात तर त्याचं वाफाळ स्नान होतं.

गाडीत बॅग एसीच्या झोतासमोर न ठेवता डिकीत ठेवा, किंवा पोचायच्या वीस मिनिटं आधी एसी बंद करा. रात्री बेडकांसाठी किंवा ताऱ्यांसाठी तासन्‌तास बसणार असाल, तर पॉवर बँकवर चालणारा लेन्स गरम ठेवायचा पट्टा घ्या. काच दवबिंदूच्या दोन-तीन अंश वर राहिली तरी काम होतं.

सलग दोन ट्रिपा पिशवी पाळूनही धुकं येत असेल तर पुढे वाचा.

३. फिल्टर काढून बघा

'आत धुकं' म्हणून दाखवल्या जाणाऱ्या बऱ्याच लेन्समध्ये ते फिल्टर आणि पुढची काच यांच्या मधल्या फटीत असतं. तिथे हवा खेळत नाही, म्हणून ते तासन्‌तास टिकतं आणि आत असल्याचा भास होतो. कोरड्या जागी फिल्टर काढा, दोन्ही पुसा, पाच मिनिटांनी परत लावा.

पण फिल्टर कायमचा काढून टाकण्याआधी लेन्सचं माहितीपत्रक वाचा. कॅननच्या ईएफ १७-४० एफ/४ एल, १६-३५ एफ/२.८ एल टू आणि ५० एफ/१.२ एल या लेन्सचं सीलिंग पुढे फिल्टर लावल्याशिवाय पूर्ण होत नाही. या लेन्स सेकंडहँड बाजारात आजही फिरतात आणि विकणारा हे सांगत नाही.

४. दारं, झाकणं, हॉट शू

बॅटरीचं दार, कार्डाचं दार, माइक आणि यूएसबीची रबरी झाकणं. प्रत्येकाच्या कडेवरून नख फिरवा. वाळूचा एक कण किंवा केस अडकला असेल तर दार बंद होतं, 'टक्' वाजतं, पण रबर दाबलं जात नाही. ब्लोअरनं उडवा, हलक्या ओल्या कापडानं पुसा. चार्जिंगचं रबरी झाकण वापरून वापरून ढिलं होतं आणि नीट बसत नाही. बाहेर असताना केबल लावून ठेवली असेल तर त्या जागी सीलिंग नाहीच.

हॉट शूवर, म्हणजे फ्लॅश बसवायच्या वरच्या खाचेवर, प्लास्टिकचं झाकण ठेवा. तिथल्या संपर्कबिंदूंवर पाणी साचलं की कॅमेऱ्याला फ्लॅश लावलेला वाटू शकतो. कोरड्या कापडाचा कोपरा पिळून शूच्या खाचेत फिरवला की बहुधा तिथेच प्रश्न मिटतो.

५. माउंटचं रबर

इथे घाई करू नका, खरी गळती सापडली तर बहुतेकदा इथेच सापडते.

लेन्स काढण्याआधी बॉडी आणि लेन्स यांच्या सांध्याभोवतीची खाच पुसा. पावसात त्या खाचेत पाण्याचं कडं साचून राहतं. लेन्स फिरवली की ते आत, संपर्कबिंदूंवर ओघळतं. रबर शाबूत असतानाही आत पाणी जातं ते असं. कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून मगच लेन्स काढा.

आता लेन्सच्या मागच्या धातूच्या कडीभोवती बघा. सील्ड लेन्सला तिथे काळ्या रबराची पातळ झालर असते, कडीच्या किंचित बाहेर आलेली. झालरच नसेल तर प्रश्न मिटला: ती लेन्स सील्ड नाही. किट झूम आणि स्वस्त ५० एमएम यांच्यात ती बऱ्याचदा नसते, आणि सील्ड बॉडीला अशी लेन्स लावली की बॉडीच्या सीलिंगला अर्थ राहत नाही. झालर असेल तर टॉर्च तिरकी धरून पूर्ण वर्तुळ फिरा. बोटानं अलगद वाकवून सोडा. चांगलं रबर लगेच सरळ होतं. जुनं झालेलं लाटेसारखं वाकडंच राहतं, चकाकतं, किंवा बोटाला चिकट लागतं. चीर सहसा एकाच जागी असते, लेन्स घाईत तिरकी घुसवताना धातूच्या कडेत सापडलेली.

या रबराला व्हॅसलीन लावायचं नाही. पेट्रोलियम जेलीनं बरीच रबरं फुगतात आणि सैल पडतात. पाण्याखालच्या हाउसिंगच्या ओ-रिंगला ग्रीस लावतात ते बघून इथे सिलिकॉन ग्रीस लावणारेही आहेत. तेही नको. ते धूळ धरतं आणि फिरत फिरत संपर्कबिंदूंवर जातं. रबर फाटलं असेल तर बदलायचं. काम छोटं आहे, पण काही लेन्समध्ये त्यासाठी मागची धातूची कडी उघडावी लागते आणि तिच्याखाली जाडी जुळवणाऱ्या पातळ चकत्या असतात. एक जरी इकडची तिकडे झाली तर फोकस कायमचा बिघडतो. रबर नुसतं ताणून बसवता येत नसेल तर थांबा आणि दुकानात न्या.

६. मधे काही लावलंय का?

म्हणजे बॉडी आणि लेन्स यांच्या मधे: ॲडॅप्टर, टेलिकन्व्हर्टर, एक्स्टेन्शन ट्यूब. कॅननचा ईएफ-ईओएस आर आणि निकॉनचा एफटीझेड हे कंपनीचे ॲडॅप्टर पाण्याच्या थेंबांचा विचार करून बनवलेले आहेत. बाहेरच्या कंपन्यांच्या बहुतेक ॲडॅप्टरना झालर नसते, ट्यूबना तर नसतेच म्हणा. पावसात मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो, करणाऱ्यांची खास चूक ही: सील्ड बॉडी, सील्ड १०० एमएम आणि मधे दोन उघडे सांधे. ट्यूबभोवती सायकलच्या ट्यूबचा रुंद तुकडा ताणून चढवला तर दिसायला गावठी वाटेल, पण उडणारे थेंब अडवतो.

७. मीठ

गणपतीपुळे, अलिबाग, गोवा कुठलाही किनारा असो, पाऊस नसतानाही हवेतून मीठ बसतं. ७५ टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. म्हणजे न पुसलेला कॅमेरा कपाटात ठेवलात तरी जुलैतल्या रात्री त्याच्या सांध्यांत खारं पाणी तयार होतं. रबराच्या कडेवरचं मीठ सुकलं की खडे बनतात आणि रबर खातात.

गोड्या पाण्यात सुती कापड बुडवून घट्ट पिळा, पूर्ण बॉडी आणि लेन्सची कडी पुसा, मग कोरड्या कापडानं. त्याच दिवशी. नळाखाली धरायचं नाही, नळाची धार पावसापेक्षा जोरात असते.

लेन्सचे सोनेरी संपर्कबिंदू हिरवट किंवा काळपट झाले असतील तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन पुसा, थेट फवारू नका. खोडरबर वापरू नका, वरचा सोन्याचा मुलामा निघतो. 'एरर ०१' चा अर्थ लेन्स आणि बॉडीचा संपर्क नीट होत नाही एवढाच. पुसूनही ती पुन्हा येत असेल तर बिघाड आतला आहे.

८. कॅमेरा ठेवता कुठे?

बॅगेत ठेवत असाल तर आधी तो बदल करा. बॅगेचा फोम आणि कापड भिजलं की आठवडाभर ओल सोडत राहतात. आकडाच बघा: दहा लिटरच्या हवाबंद डब्यातल्या २७ अंशाच्या दमट हवेत जेमतेम पाव ग्रॅम पाणी असतं. ओल्या पट्ट्यात याच्या कित्येक पट. म्हणून कॅमेऱ्याचा पट्टा काढून वेगळा वाळवा आणि डब्यात फक्त कॅमेरा आणि लेन्स ठेवा.

दहा लिटरच्या रबरी कडेच्या डब्याला २०० ग्रॅम सिलिका जेल पुष्कळ झालं. केशरी जेल ओलं झालं की हिरवट होतं, निळं गुलाबी होतं. निळ्यात कोबाल्ट असतं, त्यामुळे स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये तापवायला केशरीच घ्या. ११०-१२० अंशाला दोन तास, थाळीत पातळ पसरून. डब्यात आर्द्रतामापक हवाच, नाहीतर जेल केव्हा संपलं ते कळत नाही. ४० ते ५० टक्के चांगलं. ६० च्या वर आठवडे गेले की बुरशीला निमंत्रण, आणि ३० च्या खाली वर्षभर ठेवून कुणाचं भलं होत नाही.

स्वस्त मापकावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतपतच पाणी घाला, मापकासोबत झिप पाउचमध्ये रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दाखवायला हवं. ८१ दाखवत असेल तर पुढे प्रत्येक वेळी सहा वजा करा.

९. आत खरंच पाणी आहे का, याची परीक्षा

इथवर सगळं ठीक असूनही शंका उरली तर हे करा. लेन्सची दोन्ही झाकणं आणि फिल्टर काढा, झूम पूर्ण लांब करा, ताज्या जेलच्या डब्यात ४८ तास ठेवा. मग डबा न उघडता २२ अंशाच्या एसी खोलीत दोन तास ठेवा आणि डब्याच्या पारदर्शक भिंतीतूनच टॉर्चनं बघा. कोरडी राहिली तर आत पाणी अडकलेलं नाही, चूक बहुधा जागा बदलण्याच्या पद्धतीत. तरी धुकं धरलं तर आत कुठेतरी थेंब अडकून आहे आणि तो वाफ पुरवतोय. आता घरगुती उपाय संपले.

हेअर ड्रायर, हीटर, उन्हात ठेवणं, तांदळाचा डबा यांतलं काहीही करू नका. उष्णतेनं काचा जोडणारा डिंक आणि आतलं वंगण सैल पडतं, वंगण वाहत ॲपर्चरच्या (प्रकाशाचं भोक लहान-मोठं करणाऱ्या) पात्यांवर येतं. तांदूळ जेलच्या मानानं ओल फारच कमी ओढतो आणि पीठ मात्र झूमच्या खाचांत भरतो.

१०. बुरशी की आणखी काही

ॲपर्चर पूर्ण उघडा, अंधाऱ्या खोलीत मागून टॉर्च तिरकी मारा. सुटे ठिपके म्हणजे धूळ, ती सोडून द्या. सगळीकडे सारखा पातळ पापुद्रा म्हणजे वंगणाची वाफ बसलेली. कडेनं इंद्रधनुष्यासारखे रंग म्हणजे जोडकाचा सुटतायत. फांद्या फुटलेले तंतू म्हणजे बुरशी. ती लेन्स लगेच बाकीच्यांपासून वेगळ्या डब्यात. सुरुवातीची बुरशी लेन्स उघडून पुसता येते. जुनीनं काचेवरचा थर खाल्लेला असतो, आणि ऊन दाखवून तो थर परत येत नाही.

इथे थांबा, कारागिराकडे द्या

आत थेंब किंवा त्यांचे डाग, जोडकाचांच्या मधे बुरशी, झूम फिरवताना खरखर, बटणं कोरडी होऊनही स्वतःहून चालणं, बॅटरीच्या कप्प्यात हिरवी पूड: यांतलं काहीही दिसलं तर स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा. बॉडी उघडायची तर कधीच नाही. फ्लॅश असलेल्या कॅमेऱ्यात बॅटरी काढल्यावरही कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट शिल्लक असू शकतात.

कॅमेरा समुद्रात किंवा खाडीत पडला असेल तर वरच्या दहाही तपासण्या वगळा. बंद करा, बॅटरी आणि कार्ड काढा, 'चालू होतोय का बघू' म्हणून एकदाही चालू करू नका. चालू करून बघितल्यानंच बोर्ड जळतो. बाहेरून गोड्या पाण्याच्या ओल्या कापडानं पुसा आणि त्याच दिवशी पोचवा. खारं पाणी तांब्याच्या रेषा काही तासांत खायला लागतं, आठवड्यानं नेलेल्या बॉडीत दुरुस्तीसारखं फारसं उरत नाही.

देताना खारं की गोडं पाणी, किती वेळ, त्यानंतर चालू केला होता का, हे खरं सांगा. पाण्यानं झालेलं नुकसान नेहमीच्या वॉरंटीत सहसा बसत नाही, त्यामुळे लपवून काही वाचत नाही आणि कारागिराचा मात्र एक दिवस चुकीच्या जागी शोधण्यात जातो. उघडण्याआधी लेखी अंदाज मागा आणि काम झाल्यावर सांध्यांचं सीलिंग नवं बसवलं का ते विचारा. एकदा उघडलेल्या फोमच्या पट्ट्या पुन्हा नीट चिकटत नाहीत. त्या बदलल्या नसतील तर ती बॉडी यापुढे पावसात काढू नका.